कारखान्यात आधी कोणतं कौशल्य शिकवायचं?

प्रशिक्षणासाठी वेळ आणि पैसा कमीच असतो. सगळ्यांना सगळं शिकवता येत नाही. म्हणून कोणतं काम, कोणाला, आधी शिकवायचं हे ठरवावं लागतं. यालाच कौशल्यांचा प्राधान्यक्रम म्हणतात.

एक उदाहरण

सोलापूरच्या चादरीला आणि टेरी टॉवेलला भौगोलिक मानांकन आहे. समजा, सोलापूर-अक्कलकोट रस्त्यावरच्या वळसंगला २४ यंत्रमागांचा टॉवेल कारखाना आहे. माग चालवणारे बरेच, पण बिघडलेला माग दुरुस्त करणारा जॉबर एकच. तो आजारी पडला की माग बंद. नगावर मजुरी घेणाऱ्या विणकराची त्या दिवसाची कमाईही बुडते.

प्राधान्य कसं ठरतं?

प्रत्येक कामाला तीन प्रश्न विचारायचे:

- हे काम अडलं किंवा चुकलं तर नुकसान किती? टेरी टॉवेलला ताण्याचे दोन बीम लागतात, एक पायाचा आणि एक लूपचा. ताण बिघडला तर लूप लहानमोठे होतात आणि माल सेकंडमध्ये जातो.
- ते किती जणांना येतं?
- शिकायला किती काळ लागतो? जास्त लागत असेल तर सुरुवात लवकर हवी.

तक्ता कसा करायचा?

उभ्या ओळीत कामगारांची नावं, आडव्या ओळीत कामं. प्रत्येक चौकटीत चारपैकी एक आकडा: १ शिकतोय, २ देखरेखीखाली करतो, ३ एकट्याने करतो, ४ दुसऱ्याला शिकवतो. महत्त्वाच्या ज्या कामाखाली ३ किंवा ४ आकडा एकाच नावापुढे दिसतो, ते काम आधी शिकवायचं.

जॉबर का शिकवेल?

दुसरा तयार झाला तर आपली किंमत कमी होईल, ही त्याची भीती खोटी नाही. म्हणून शिकवण्याचा वेगळा मोबदला आणि शिकणाऱ्याला वाढीव मजुरी आधीच ठरवावी लागते. नाहीतर तक्ता भिंतीवरच राहतो.

सरकारी मदत कुठे?

१९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यानुसार ३० किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना २.५ ते १५ टक्के शिकाऊ उमेदवार घ्यावे लागतात. ४ ते २९ कामगार असतील तर ते ऐच्छिक आहे. अनुभवातून शिकलेल्यांसाठी ‘पूर्वशिक्षण मान्यता’ची सोय आहे. त्यात कौशल्य तपासून प्रमाणपत्र मिळतं.

मात्र कोर्स उपलब्ध आहे म्हणून माणसं पाठवणं ही उलटी वाट झाली. आधी तक्ता, मग कोर्स.