वीस टक्के मजुरीचे क्रीडागार

एखादी मोठी वास्तू बांधणे सोपे, ती टिकविणे कठीण, हा प्रशासनातील नित्याचा अनुभव. या दृष्टीने टोरांटोच्या ‘मेपल लीफ गार्डन्स’ या बंदिस्त क्रीडागाराचा इतिहास अभ्यासण्याजोगा आहे.

१९३१ साल महामंदीचे. तशातही आइस हॉकी संघाचे चालक कॉन स्माइथ यांनी सुमारे पंधरा लाख डॉलर खर्चाची ही वास्तू हाती घेतली. पैसा अपुरा पडला, तेव्हा त्यांचे सहायक फ्रँक सेल्की कामगार संघटनांकडे गेले. सेल्की स्वतः वीजकामगारांच्या संघटनेचे सभासद होते, त्यामुळे त्यांच्या शब्दाला वजन होते. मजुरीचा वीस टक्के भाग रोखीऐवजी कंपनीच्या समभागांत घेण्यास कामगारांनी मान्यता दिली. कामगार विश्वास ठेवतात हे पाहून बँकांचीही भीड चेपली. जूनमध्ये सुरू झालेले बांधकाम साडेपाच महिन्यांत उरकले आणि १२ नोव्हेंबर रोजी पहिला सामना झाला. यजमान संघ त्यात शिकागोकडून हरला!

केवळ हॉकीवर एवढी वास्तू चालणे शक्य नव्हते. १९३२ मध्ये येथे चर्चिल यांचे व्याख्यान झाले, १९५७ मध्ये एल्विस प्रेस्ली गायला, १९६४ मध्ये बीटल्स आले, १९६६ मध्ये मुहम्मद अली मुष्टियुद्ध खेळला.

१९९९ मध्ये संघ नव्या क्रीडागारात गेला. अखेरचा सामनाही शिकागोनेच जिंकला. पुढे २००४ मध्ये एका किराणा कंपनीने वास्तू विकत घेतली. नव्या क्रीडागाराशी येथून स्पर्धा होऊ नये, अशी अट विक्रीत होती. अखेर तळमजल्यावर दुकान आणि वरच्या मजल्यावर विद्यापीठाचे बर्फाचे मैदान, अशी विभागणी होऊन २०११-१२ मध्ये दारे पुन्हा उघडली. केंद्र सरकारच्या अनुदानाबरोबर विद्यार्थ्यांनीही स्वतःवर शुल्क लावून घेऊन खर्चाचा भार उचलला.

आपल्याकडे डेहराडूनचे बर्फाचे मैदान २०११ च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धांसाठी उभारले गेले. स्पर्धा संपल्या आणि ते वर्षानुवर्षे बंद राहिले. २०२५ मध्ये ते पुन्हा सुरू झाले. कोनशिला दोन्हीकडे बसली. फरक इतकाच, की टोरांटोत प्रथम मजुरांनी आणि ऐंशी वर्षांनी विद्यार्थ्यांनी आपल्या खिशातला वाटा घातला होता. बांधकामाच्या प्रस्तावात खर्चाचा रकाना असतोच. ‘ही वास्तू कोणाला आपली वाटेल?’ असाही एक रकाना असावयास हवा.