पेवाच्या तोंडाशी

पुण्याहून पुतण्याचा फोन आला. आवाजात काळजी होती. "मोठेबाबा, सहा महिन्यांचं धान्य भरून ठेवतो आहे. पाण्याची टाकी, सोलर, औषधं, सगळं. करोनात पाहिलं ना, उद्या काय होईल सांगता येत नाही. तुमच्या नाचणगावात जुनी माणसं धान्य वर्षानुवर्षं कशी टिकवायची?"

मला एकदम आजीच आठवली. तिचा जन्म 1908 च्या आसपासचा. नक्की साल तिलाही ठाऊक नव्हतं. मानमोडीची साथ आली तेव्हा आपण दहा वर्षांचे होतो, एवढाच तिचा हिशेब.

पुतण्याला मी पेवाचं सांगितलं. पेव म्हणजे जमिनीखालचं धान्याचं कोठार. ते वावरात खणत नसत, कारण आपली काळी पाणी धरून ठेवते. गावठाणाच्या पांढरीतच खणायचं. आत चारी बाजूंनी कडबा आणि कुटार लावायचं, ज्वारी ओतायची, वर पुन्हा कुटार, मग सपाट दगड, आणि चिखलामातीनं तोंड बंद. वरून माणसं चालली तरी खाली धान्य आहे हे परक्याला कळायचं नाही. ज्वारी काही वर्षं टिकायची. थोडा आंबूस वास धरायची, पण भाकर होई. त्या वासाची भाकर आजोबांना फार आवडायची म्हणे. ताज्या ज्वारीची त्यांना फिकी लागे.

आमचं पेव माझ्या जन्माच्या आधीच बुजलं. माडीच्या मागं जमीन थोडी खचलेली होती. तिथं खेळायला गेलो की आजी ओरडायची, "पोट्टेहो, तिथून उठा!" तेवढीच त्याची खूण.

आजीच्या सगळ्या गोष्टींच्या मुळाशी पेंढारी, म्हणजे टोळ्यांनी येणारे लुटारू, असायचे. तिच्या पणजीनं तिला सांगितलेलं, तिनं आम्हाला. पेंढारी येतात अशी हाकाटी झाली की गाव दगडी सराईत शिरायचं. वाटसरूंसाठी बांधलेली ती सराई किल्ल्यासारखी भक्कम होती. एकदा म्हणे पेंढाऱ्यांनी वेढाच घातला. आजी पंधरा दिवस म्हणायची, आजोबा आठच म्हणायचे, आणि त्यावरून दोघांचं दरवेळी वाजायचं. पुढं मी वाचलं, की 1811 मध्ये पेंढारी थेट नागपूरच्या वेशीपर्यंत आले आणि त्यांनी एक वस्ती जाळली. म्हणजे भोसल्यांच्या राजधानीची ही गत, मग आमच्यासारख्या गावाकडं कोण पाहणार होतं? 1817-18 मध्ये इंग्रजांनी त्यांचा बंदोबस्त केला. त्यांचा एक म्होरक्या चीतू असीरगडच्या रानात वाघाच्या तोंडी गेला. आजीला हे कळलं असतं तर तिनं वाघाला नमस्कार केला असता.

पण तिच्या गोष्टीत तलवारी फारशा नसत. कोणी ज्वारी आणली, कोणी तूर, कोणाच्या घरून अंबाडीची वाळलेली भाजी आली, आणि मीठ कसं संपलं, हेच ती रंगवून सांगायची. चार दिवस आळणी खाल्ल्यावर एका म्हातारीनं लुगड्याच्या पदरातून मिठाचा खडा काढला. नातवासाठी लपवला होता. सगळ्यांच्या कण्यांत तो टाकला. "तं काय झालं," आजी सांगायची, "एक खडा, पन्नास माणसं. चव कोठची येते? पण सगळ्याइले लागली."

लहानपणी मी एकदाच विचारलं, "आजी, गावाबाहेरची माणसंही आत होती का?" ती बराच वेळ तांदूळ निवडत राहिली. "थे सांगितलं नाही मले कोणी," म्हणाली. हे मी विसरलेलो नाही. ज्यांची विहीर वेगळी होती त्यांच्यासाठी सराईचं दार उघडलं असेल का? वर्ध्याचं लक्ष्मीनारायण मंदिर जमनालाल बजाजांनी सगळ्यांसाठी खुलं केलं ते 1928 मध्ये, म्हणजे पेंढाऱ्यांनंतर शंभर वर्षांनी. गाव गाव म्हणून आपण उराशी धरतो, त्या गावाला वेस होती, आणि वेशीपलीकडे माणसं होती.

मानमोडीचं मात्र आजीचं स्वतःचं होतं. 1918 चा जून, बोटीनं मुंबईत आलेला ताप, पावसाळा सरता सरता रेल्वेनं आमच्याकडं. पुलगावचं स्टेशन हाकेच्या अंतरावर. देशात कोटीहून जास्त माणसं गेली. त्यात पाऊसही रुसलेला. आजीच्या घरची सात माणसं एकाच आठवड्यात आडवी झाली. पाणी देणारा हात उरला नाही. देवळीचे मामा यायचे, त्यांच्याही घरी तीच गत. पेवात ज्वारी होती, पण पेव उघडणार कोण?

तेव्हा शेजारची तेलीण रोज उंबऱ्यावर आंबिलीचं गाडगं ठेवून जायची. आत यायची नाही, हाक मारायची, "जित्ते आहा ना वो?" आतून कोणीतरी हूं म्हटलं की पुढच्या घरी. तिच्या घरचा ताप आधीच येऊन गेला होता, एक पोर गेलं होतं. आजीच्या घरची तीन माणसं गेली, चार उरली. मला वाटतं, एका घराचं सगळंच एकदम आजारी पडतं. गाव मात्र एकाआड एक पडतं आणि एकाआड एक उठतं. नातं कितीही जवळचं असो, तापानं ते सगळं एकाच खाटेवर आणून टाकलं.

आजी म्हातारी झाली तरी दिवाळीला त्या घरी फराळाचं पहिलं ताट जायचं. 1972 मध्ये रेशनवर लाल मिलो आला, त्याच्या भाकरी कोणाच्या घशाखाली उतरत नव्हत्या, त्या वर्षीही करंज्या झाल्या नाहीत म्हणून तिनं गूळ आणि जवसाची चटणी पाठवली.

30-31 मे 2016 ची रात्र मी स्वतः पाहिली. पुलगावच्या दारूगोळा भांडारात स्फोट झाले तेव्हा आम्ही अंगणात झोपलो होतो. आभाळ लाल. भिंती हादरल्या. आग विझवायला गेलेले जवान आणि अधिकारी त्यात गेले. आसपासच्या गावांतली माणसं लेकरं काखेत घेऊन अंधारात निघाली. आमच्या ओट्यावर पहाटे एक कुटुंब बसलेलं होतं. सुनेनं चहा ठेवला. त्या बाईनं कागदपत्रं आणली नव्हती, दागिने नव्हते. गोठ्यात गाईचं दावं सोडून आले, एवढंच पुन्हापुन्हा सांगत होती. उजाडल्यावर शेजारची दोन पोरं मोटरसायकल घेऊन गाय पाहायला गेली. त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.

पुतण्या सगळं शांतपणे ऐकत होता. मग पुन्हा पेवाकडं वळला. "पण मोठेबाबा, ते उघडायचं कसं?"

तोंडावरचा दगड काढायचा, सांगितलं. लगेच आत उतरायचं नाही. बंद पेवात वायू कोंडतो, माणूस खाली पाय ठेवताच कोसळतो. अशी माणसं गेली आहेत, एकामागून एक, वाचवायला उतरलेलीही. म्हणून दिवसभर तोंड उघडं ठेवायचं, मग दोरीला कंदील बांधून खाली सोडायचा. जळत राहिला तर एकानं कंबरेला दोर बांधून उतरायचं, वर चौघांनी दोर धरायचा.

"आणि कंदील विझला तर?"

मग ओढून घ्यायचा, म्हटलं, आणि वाट पाहायची. चौघंही तिथंच बसायचे. कोणी घरी जायचं नाही.