उंचीची रेघ कोणाच्या हातात?

जत्रेत, तालुक्याच्या बाजारात, आता मोबाइलवरही लहान मुलांची उंची मोजायच्या रंगीत पट्ट्या मिळतात. कोणावर जिराफ असतो, कोणावर नारळाचं झाड. भिंतीला चिकटवायची आणि पोराला उभं करायचं. बचत गटाने किंवा घरच्यासाठी अशी पट्टी घ्यायची तर कोणती घ्यावी, हे आज बोलू. पण आधी मुलांची उंची मोजायला सुरुवात कशी झाली, कोणी केली आणि कशासाठी केली, ते ऐका. ते कळलं की पट्टी निवडणं सोपं होतं.

पहिली गोष्ट फ्रान्समधली. 1759 साली तिथे माँबेयार नावाच्या गृहस्थाला मुलगा झाला. बापाने जन्मापासून त्याची उंची मोजायला घेतली. साधारण दर सहा महिन्यांनी एकदा, असं त्याने 1777 पर्यंत केलं. म्हणजे एकाच मुलाची अठरा वर्षांची नोंद. त्याचे मित्र ब्यूफाँ हे मोठे निसर्गअभ्यासक होते. त्यांनी ती नोंद आपल्या ग्रंथात छापली. मूल पहिल्या वर्षी झपाट्याने वाढतं, मग वेग हळूहळू कमी होतो आणि वयात येताना पुन्हा एकदा उसळी मारतं, हे त्या आकड्यांवरून स्पष्ट दिसतं. आजही जगभर मुलांच्या वाढीचा अभ्यास शिकवताना या नोंदीचं नाव निघतं. यातून एक गोष्ट लक्षात ठेवा. एकदाच मोजलेल्या उंचीवरून फारसं कळत नाही. तेच मूल पुन्हा पुन्हा, सारख्याच पद्धतीने मोजलं की वाढ दिसते.

पुढे उंची मोजण्याचं काम घराबाहेर गेलं. सैन्यात भरती होणाऱ्या तरुणांची उंची सरकार मोजत असे. फ्रान्समधल्याच विलेर्मे नावाच्या डॉक्टरांनी 1829 साली ते आकडे तपासले. जिथे लोकांना बरं खायला मिळतं, राबणूक कमी असते, तिथली माणसं उंच असतात आणि गरिबीत वाढलेली माणसं ठेंगणी राहतात, असं त्यांनी मांडलं. उंची फक्त आईबापाकडून येत नाही, ताटातूनही येते, हे त्यांनी जवळजवळ दोनशे वर्षांपूर्वी लिहून ठेवलं.

त्याच सुमाराला इंग्लंडच्या कापडगिरण्यांत लहान मुलं राबत होती. 1833 साली कायदा झाला की नऊ वर्षांखालच्या मुलाला गिरणीत घ्यायचं नाही. पण गरिबांच्या मुलांची जन्मनोंद नसे, मग वय ठरवायचं कसं? मुलाच्या अंगकाठीवरून आणि उंचीवरून ठरवायचे. म्हणजे मुलाची उंची मोजली जात होती ती ते कामाला जुंपायच्या वयाचं झालं का, हे बघायला. मोजणारा परका आणि आकडाही परक्याच्या वहीत. त्या मुलाच्या आईला त्याचा काही उपयोग नव्हता.

आकडा आईच्या हातात यायला आणखी सव्वाशे वर्षं जावी लागली. डेव्हिड मॉर्ली हे इंग्रज डॉक्टर 1950 नंतरच्या दशकात आफ्रिकेत नायजेरियामध्ये काम करत होते. तिथल्या इमेसी या गावात त्यांनी बाळांची वाढ नोंदवायचं एक साधं कार्ड वापरात आणलं. कार्डावर वर चढत जाणाऱ्या दोन रेघा असत आणि त्यांच्यामधली वाट म्हणजे आरोग्याची वाट. बाळाचं वजन करून ठिपका द्यायचा. ठिपके वर चढले तर ठीक, आडवे गेले तर सावध व्हायचं. मॉर्लींनी आणखी एक मोठं काम केलं. ते कार्ड दवाखान्यात न ठेवता प्लास्टिकच्या पिशवीत घालून आईकडे दिलं. आया ते हरवतील असं पुष्कळांना वाटत होतं, पण त्यांनी ते नीट जपलं. पुढे टॉक नावाच्या संस्थेने टांगायचा असा वजनकाटा काढला, की आई स्वतःच्या हाताने पेन्सिलने कागदावर ठिपका देऊ शकेल. आज आपल्याकडे जे माता-बाल संरक्षण कार्ड असतं, ते याच वळणाचं आहे.

आपल्या देशात 2 ऑक्टोबर 1975 रोजी एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि अंगणवाड्या आल्या. तिथे वर्षानुवर्षं मुख्य भर वजनावर राहिला. वजन मोजणं सोपं, आणि मूल आजारी पडलं की वजन लगेच उतरतं, म्हणून ते बरोबरच होतं. पण त्यामुळे उंची मागे पडली. 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला वॉटरलो नावाच्या डॉक्टरांनी एक फरक समजावून सांगितला होता. उंचीच्या मानाने वजन कमी असेल तर ते मूल लुकडं, म्हणजे आत्ता उपासमार किंवा आजार आहे. वयाच्या मानाने उंची कमी असेल तर ते मूल खुरटलेलं, म्हणजे त्रास पुष्कळ दिवसांपासून चालू आहे. पिकाचं बघा ना. चार दिवस पाणी मिळालं नाही तर पान कोमेजतं आणि पाणी दिलं की टवटवीत होतं. पण सुरुवातीचे दोन महिने ताण पडला तर ताट बुटकंच राहतं, आणि पुढे कितीही पाणी दिलं तरी ती कसर पुरती भरून निघत नाही. मुलाची पहिली दोन वर्षं तशीच असतात, आणि त्याआधीचे पोटातले नऊ महिनेसुद्धा.

खुरटलेलं मूल आजारी दिसत नाही. खेळतं, हसतं. आपण म्हणतो, “बापावर गेलंय, आमच्या घराण्यात सगळे ठेंगणेच.” हे खरं का, हे पाहायला जागतिक आरोग्य संघटनेने 1997 ते 2003 या काळात सहा देशांतली मुलं मोजली. ब्राझील, घाना, नॉर्वे, ओमान, अमेरिका आणि भारत. भारतातली मुलं दिल्लीची होती. आईचं दूध मिळालेली, नीट खाऊ-पिऊ घातलेली आणि निरोगी परिसरातली मुलं निवडली होती. अशी मुलं सगळीकडे जवळजवळ सारखीच वाढतात, असं दिसलं. दोन देशांतला फरक थोडा होता, एकाच ठिकाणच्या दोन मुलांतला फरक त्याहून मोठा होता. त्यावरून 2006 साली नवे तक्ते आले आणि पुढे आपल्या अंगणवाड्यांनीही ते घेतले. आईबाप ठेंगणे असतील तर मूल थोडं कमी उंच असू शकतं. पण 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची शंभरातली 35 मुलं खुरटलेली आढळली. एवढ्या सगळ्या घराण्यांना बोल लावून चालणार नाही.

2018 साली पोषण अभियान सुरू झालं, तेव्हापासून अंगणवाड्यांना उंची मोजायची साधनं मिळू लागली. आता आकडे मोबाइलमधल्या पोषण ट्रॅकरमध्ये भरले जातात. सरकारला ते हवेतच. पण आपल्या लेकराचा आकडा आपल्यालाही माहीत हवा, म्हणून घरची पट्टी कामाची.

आता पट्टी कशी निवडायची ते सांगते.

सेंटिमीटरच्या खुणा स्पष्ट हव्यात. शेजारी नाव आणि तारीख लिहायला मोकळी जागा हवी. घेतल्यावर सुताराच्या लोखंडी टेपने ती तपासून बघा. कापडी पट्टी ताणते आणि कागदी पट्टीला सुरकुत्या पडतात. काही पट्ट्यांचे आकडे तळापासून सुरू न होता 60 किंवा 70 पासून सुरू होतात. ती पट्टी जमिनीपासून नेमकी तेवढ्याच उंचीवर लावायची. ओळंबा धरून सरळ लावा. शेणाने सारवलेली जमीन असेल तर तिथे सपाट फरशी पक्की बसवा आणि माप फरशीपासून घ्या. चित्राशेजारी “तीन वर्षं” असं छापलेलं असेल तर त्यावर विश्वास ठेवू नका. पट्टी विकत घेणं जमत नसेल तर टेपने मोजून भिंतीवर रंगाने खुणा करा, त्या तितक्याच चांगल्या.

मोजताना चप्पल काढायची, अंबाडा किंवा वर बांधलेली वेणी सोडायची. टाचा, ढुंगण आणि पाठ भिंतीला, नजर समोर. डोक्यावर गुण्या किंवा जाड पुस्तक भिंतीला काटकोनात धरून खूण करा. सकाळी उंची किंचित जास्त भरते, म्हणून दर वेळी साधारण त्याच वेळी मोजा. दोन वर्षांखालच्या बाळाला भिंतीशी उभं करू नका. त्याला निजवून मोजतात आणि ते अंगणवाडीतच करावं.

दर सहा महिन्यांनी मोजा. तीन ते पाच वर्षांचं मूल सहा महिन्यांत साधारण 3 सेंटिमीटर वाढतं. तीन वर्षं पूर्ण झालेल्या मुलीची उंची 87.4 आणि मुलाची 88.7 सेंटिमीटरपेक्षा कमी असेल, किंवा पाच वर्षं पूर्ण झालेल्या मुलीची 99.9 आणि मुलाची 100.7 पेक्षा कमी असेल, तर ते खुरटलेपणाचं लक्षण समजतात. अशा वेळी घाबरायचं नाही, पण थांबायचंही नाही. पुन्हा एकदा नीट मोजा, तारखांसकट आकडे घेऊन अंगणवाडीताईंना आणि आरोग्य केंद्रात दाखवा. वारंवार जुलाब होतात का, पिण्याचं पाणी कसं आहे, दिवसातून किती वेळा आणि काय खातं, हे सगळं सांगा. घरात गरोदर बाई असेल तर तिच्या ताटाकडे आजच बघा, कारण पुढच्या बाळाची उंची तिथूनच ठरायला लागते.

आणि एक राहिलंच. भिंतीवर मुलासारखीच मुलीचीही रेघ ओढा, आणि शेजारच्या पोराशी तुलना करू नका. तिची आजची रेघ तिच्याच मागच्या रेघेशी ताडून बघा. येत्या बैठकीत गटाने एक लोखंडी टेप घ्यावा आणि घरोघरच्या पट्ट्या तपासून घ्याव्यात, एवढं काम या महिन्यात नक्की करा.