कारकुनाची खुर्ची

सभेचा अध्यक्ष म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर एक ठरलेलं चित्र येतं. मधली मोठी खुर्ची, गळ्यात हार, शाल, श्रीफळ, आणि सगळ्यात शेवटी "वेळ फार झालाय, मी दोनच शब्द बोलणार आहे" असं म्हणून सुरू होणारं अर्ध्या तासाचं भाषण. त्यामुळे ख्रिस्ती लोकांत एक पंथ असा आहे की जो आपल्या सभेच्या अध्यक्षाला चक्क 'क्लार्क' म्हणतो, म्हणजे आपल्या भाषेत कारकून, हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला भारी गंमत वाटली होती. मग त्या कारकुनाचा इतिहास वाचत गेलो आणि गंमत हळूहळू मागे पडली.

हा पंथ म्हणजे क्वेकर. सतराव्या शतकाच्या मध्याला इंग्लंडात जॉर्ज फॉक्स या माणसाभोवती तो उभा राहिला. ही मंडळी स्वतःला 'फ्रेंड्स', म्हणजे मित्र, म्हणवतात. त्यांच्या जुन्या पद्धतीच्या उपासनेत पाळक नाही, प्रवचन नाही. सगळे शांत बसतात. कुणाला आतून काही बोलावंसं वाटलं तर तो उठतो, बोलतो, बसतो. पुन्हा शांतता. आणि हिशोब, इमारतीची डागडुजी, कुणाचं लग्न, कुणाची तक्रार, असल्या कामकाजाच्या सभाही याच पद्धतीने चालतात. त्यांच्या लेखी तीसुद्धा उपासनाच.

तसं पाहिलं तर ख्रिस्ती सभांची गोष्ट फार जुनी. नव्या करारातल्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाच्या पंधराव्या अध्यायात यरुशलेममधल्या एका सभेचं वर्णन आहे. काळ साधारण इ. स. ५० च्या आसपासचा. प्रश्न मोठा पेचाचा होता. यहुदी नसलेल्या माणसाने ख्रिस्ताला मानलं, तर त्याने सुंता करून घेतलीच पाहिजे का? बराच वादविवाद झाला. मग पेत्र बोलला. बर्णबा आणि पौल यांनी आपले अनुभव सांगितले, तेव्हा सगळे गप्प राहून ऐकत होते. याकोब बोलला तो सर्वांत शेवटी. आधी काय बोललं गेलं त्याचा धागा पकडून त्याने एक तोडगा सुचवला, आणि तो सगळ्यांच्या नावाने पत्रात लिहून पाठवला गेला. हात वर करून मतं मोजल्याचा उल्लेख त्यात कुठेही नाही.

क्वेकरांचा कारकून मला या याकोबाच्या जातकुळीतला वाटतो. त्याचं काम कसं चालतं ते सांगतो.

सभा शांततेने सुरू होते. कारकून विषय मांडतो. ज्याला बोलायचं तो उभा राहतो आणि कारकुनाने नाव घेतल्यावरच बोलतो. एकाचं बोलणं संपलं की लगेच दुसऱ्याने तोंड उघडायचं नाही, मध्ये थोडं थांबायचं. बोललेलं आत उतरायला वेळ मिळावा म्हणून. मतदान कधीच होत नाही. सगळं ऐकून सभेचा एकूण कल कुठे चाललाय हे कारकुनाने ओळखायचं, तो तिथल्या तिथे कागदावर उतरवायचा आणि वाचून दाखवायचा. "बरोबर, हेच ठरलं" असं सभा म्हणाली तर ठराव झाला. नाही म्हणाली तर मजकूर बदलायचा, आणि तरी जमलं नाही तर विषय पुढच्या सभेवर. कारकुनाचं स्वतःचं त्या विषयावर ठाम मत असेल, तर त्याने टेबल सोडायचं, दुसऱ्याला बसवायचं, आणि मगच बोलायचं.

आपल्याकडे इतिवृत्त पुढच्या सभेत वाचतात आणि निम्म्या लोकांना 'आपण असं कधी ठरवलं बुवा' असा प्रश्न पडतो. इथे वाक्य लिहिलं जातं तेव्हाच सगळ्यांच्या कानावर पडतं. म्हणूनच तो कारकून. सत्ता हातात नाही, लेखणी आहे!

आता ही पद्धत ऐकायला फार गोड आहे. पण तिची खरी परीक्षा झाली ती अमेरिकेत, गुलामगिरीच्या प्रश्नावर.

१६८८ साली पेनसिल्व्हेनियातल्या जर्मनटाउन गावच्या चार जणांनी एक निवेदन लिहिलं. त्यांतला एक फ्रान्सिस डॅनियल पास्टोरियस. म्हणणं अगदी साधं होतं. आपल्याला कुणी पकडून विकलेलं चालेल का? नाही ना, मग आपण ते दुसऱ्याला कसं करतो? निवेदन महिन्याच्या सभेकडे गेलं. तिने ते फारच वजनदार म्हणून तिमाही सभेकडे पाठवलं. तिमाही सभेने वार्षिक सभेकडे. आणि बर्लिंग्टनला भरलेल्या वार्षिक सभेने त्यावर निर्णय देणं आपल्याला योग्य वाटत नाही म्हणून ते बाजूला ठेवलं. कुणी ओरडलं नाही, कुणी कुणाचा अपमान केला नाही. सगळं अगदी शांतपणे झालं. तो कागद त्यानंतर विस्मरणात गेला, तो १८४४ मध्ये पुन्हा सापडला.

का बाजूला ठेवलं असेल? उघड आहे. सभेतल्या कित्येक वजनदार माणसांच्या घरीच गुलाम राबत होते. जिथे सगळ्यांचं एकमत लागतं तिथे ज्याला काहीच बदलायचं नाही त्याचं फावतं. त्याला भांडावंही लागत नाही, नुसतं "अजून थोडं थांबू या" म्हटलं की पुरे.

१७३८ मध्ये याच बर्लिंग्टनच्या वार्षिक सभेत बेंजामिन ले नावाचा, जेमतेम चार फूट उंचीचा एक क्वेकर आला. अंगरख्याखाली लष्करी पोशाख आणि तलवार, हातात बायबलसारखं दिसणारं एक पोकळ पुस्तक, आणि त्या पुस्तकात लाल रसाने भरलेली पिशवी. गुलाम बाळगणाऱ्यांचा निषेध करत त्याने पुस्तकात तलवार खुपसली आणि तो रक्तासारखा रस आजूबाजूच्यांच्या अंगावर उडाला. (युद्धाला ठाम नकार देणाऱ्या लोकांच्या सभेत तलवार, हे लक्षात घ्या!) त्याला बाहेर काढण्यात आलं. त्याच वर्षी त्याचं सभासदत्वही गेलं.

ले याचं वागणं सभाशास्त्रात बसणारं नव्हतं हे खरंच. पण मला वाटतं, पन्नास वर्षं एखादा प्रश्न शांतपणे, सभ्यपणे, नियमाला धरून टोलवला गेला, की मग कुणीतरी तलवार घेऊन येतो. अध्यक्षाने आरडाओरडा करणाऱ्याला आवरावं हे ठीक. पण तो का ओरडतोय, हे इतिवृत्तात यायला नको का?

जॉन वुलमन हा त्याच्या अगदी उलट प्रकृतीचा माणूस. जन्म १७२० चा, न्यू जर्सीतला, व्यवसायाने शिंपी. तरुणपणी तो एका दुकानात नोकरीला होता, तेव्हा मालकाने त्याला एका गुलाम बाईचं विक्रीपत्र लिहायला सांगितलं. त्याने लिहिलं, आणि ते त्याला जन्मभर बोचत राहिलं. पुढे त्याने मृत्युपत्रात गुलाम वारसाने देण्याचा मजकूर लिहायला नकार दिला. गावोगाव फिरून तो गुलाम बाळगणाऱ्या क्वेकरांच्या घरी जाऊन त्यांच्याशी बोलत असे. १७५४ मध्ये त्याचं गुलामगिरीविरुद्धचं पुस्तक आलं.

१७५८ ची फिलाडेल्फियाची वार्षिक सभा. विषय निघाला. गुलामगिरीची बाजू उघडपणे कुणीच घेतली नाही, पण देव काहीतरी वाट दाखवेल, तोवर धीर धरावा, असं म्हणणारे होते. वुलमन बराच वेळ गप्प बसून होता. मग उठला. त्याच्या बोलण्याचा मथितार्थ असा: त्या लोकांचे हुंदके देवापर्यंत पोचले आहेत, आणि काही जणांच्या खाजगी फायद्याचा मान राखण्यासाठी आपण कर्तव्य लांबणीवर टाकलं तर त्याचा जाब आपल्याला द्यावा लागेल. सभेचा कल फिरला. हात मोजले गेले नाहीत, कल लिहिला गेला: यापुढे जो गुलाम विकत घेईल किंवा विकेल त्याला कामकाजाच्या सभेत भाग घेता येणार नाही. शिवाय गुलाम बाळगणाऱ्यांना घरी जाऊन भेटण्यासाठी माणसं नेमली गेली. त्यात वुलमन होताच.

बेंजामिन ले तेव्हा म्हातारा झाला होता. ही बातमी ऐकून आता मी सुखाने मरतो असं तो म्हणाला, असं सांगतात. १७५९ मध्ये तो गेला.

पुढची अठरा वर्षं ही भेटी देणारी माणसं घराघरांत गेली. १७७६ मध्ये फिलाडेल्फियाच्या वार्षिक सभेने ठरवलं की जो आपले गुलाम मुक्त करायला नकार देईल तो आपला सभासद राहणार नाही. आणि हे नुसतं कागदावर राहिलं नाही, पुढच्या काही वर्षांत बहुतेकांनी गुलाम मुक्त केले. सभा फुटली नाही.

याच प्रश्नावर १८४४ मध्ये मेथॉडिस्ट लोकांची न्यूयॉर्कला सर्वसाधारण परिषद झाली. जॉर्जियाच्या जेम्स अँड्र्यू या बिशपकडे गुलाम होते. ते असेपर्यंत त्याने पदाचं काम करू नये, असा ठराव ११० विरुद्ध ६८ मतांनी मंजूर झाला. ठराव योग्यच होता! पण पुढच्याच वर्षी दक्षिणेतल्या मेथॉडिस्टांनी वेगळी चूल मांडली, ती १९३९ पर्यंत. ६८ जण हरले, पण त्यांचं मन काही वळलं नव्हतं.

म्हणजे क्वेकरांची पद्धत श्रेष्ठ? मला इतकं सोपं वाटत नाही. एक तर ती कारकुनावर फार अवलंबून असते. १८२७ मध्ये फिलाडेल्फियाच्याच वार्षिक सभेत धर्ममतांवरून दोन तट पडले, आणि कारकून कोण असावा यावरच घोडं अडलं. एकमत होईना, तेव्हा रिवाजाप्रमाणे आधीचाच कारकून कायम राहिला, आणि तो एका तटाचा मानला जात होता. दुसरा तट संख्येने मोठा होता, पण जिथे डोकी मोजायचीच नाहीत तिथे ती संख्या सांगणार कुणाला? लेखणी ज्याच्या हातात, तो आपलं म्हणणं लिहून घेईल हा विश्वासच उडाला होता. सभा फुटली. ते दोन तट पुन्हा एकत्र यायला १९५५ साल उजाडलं. मतमोजणी नसलेल्या सभेत अध्यक्षाचा निःपक्षपातीपणा हा नुसता शिष्टाचार नसतो, सगळी इमारत त्या एका खांबावर उभी असते.

आणि दुसरी गोष्ट, जी माझ्या डोक्यातून जात नाही. १६८८ ते १७७६ म्हणजे अठ्ठ्याऐंशी वर्षं. एवढा काळ सभेने धीर धरला, एकमेकांना सांभाळून घेतलं, कुणालाही दुखावलं नाही. पण त्या धीराची किंमत कुणी भरली? जे त्या खोलीत नव्हतेच त्यांनी. अठ्ठ्याऐंशी वर्षांत गुलामांच्या तीन-चार पिढ्या जन्मल्या. सभेत प्रत्येकाचं ऐकलं जात होतं हे खरं, पण 'प्रत्येक' म्हणजे बाकांवर बसलेला प्रत्येक. गुलाम मुक्त झाल्यावरही क्वेकरांच्या सभागृहात काळ्या लोकांसाठी वेगळा बाक असे. एकोणिसाव्या शतकात फिलाडेल्फियाच्या सारा मॅप्स डग्लस या शिक्षिकेने त्या बाकाबद्दल कडवटपणे लिहून ठेवलंय.

वुलमनने त्या दिवशी काय केलं ते आता पुन्हा बघा. त्याने नवी माहिती दिली नाही, की कुणाला शिव्या घातल्या नाहीत. जे खोलीत नव्हते त्यांना त्याने खोलीत आणलं. थांबायचं की नाही हे आपल्या सोयीवरून ठरवायचं नाही, एवढंच तो म्हणाला. खरं तर हे काम कारकुनाचं.

चांगला अध्यक्ष कोण, याची यादी आपल्यापैकी कुणीही करेल. कमी बोलणारा, वेळ पाळणारा, बुजऱ्या माणसाला बोलतं करणारा, जे ठरलं ते तिथेच वाचून दाखवणारा. मंडळीच्या पंच कमिटीपासून सोसायटीच्या सर्वसाधारण सभेपर्यंत हे सगळीकडे लागू आहे. मी त्या यादीत एक ओळ घालीन. "हा विषय पुढच्या सभेत घेऊ" असं लिहिण्याआधी त्याने लेखणी खाली ठेवावी आणि मोठ्याने विचारावं: तोवर कोण सोसणार आहे, आणि तो आज इथे आहे का?

तुमच्या पाहण्यात असा एखादा अध्यक्ष असेल तर जरूर लिहा. हार-तुरेवाला नको, कारकून हवा.