उलट क्रमाने

यंत्रदुरुस्तीच्या इंग्रजी पुस्तिकांमध्ये एक वाक्य हटकून येतं. एखादा भाग कसा काढायचा हे दहा-बारा पायऱ्यांत सांगून झालं, की शेवटी तो बसवण्याबद्दल एवढंच लिहिलेलं असतं की हीच कृती उलट क्रमाने करावी. अनुवादाच्या व्यवसायात आले तेव्हा पहिली चार वर्षं पोटापाण्यासाठी मी पंप, फवारणी यंत्रं, मोटारसायकली यांच्या पुस्तिका मराठीत आणत होते. ‘जोडणी उलट क्रमाने करावी.’ दुसऱ्या-तिसऱ्या पुस्तिकेनंतर संगणकच हे वाक्य आपोआप भरू लागला. मी ते पुन्हा वाचतही नसे.

त्या वाक्यात काय काय झाकलेलं असतं, ते मला कळलं इंग्लंडमध्ये, एका गारठलेल्या गॅरेजात. काही वर्षांपूर्वी एका हिवाळ्यात अनुवादाच्या कामासाठी मी ऑक्सफर्डच्या दक्षिणेला ॲबिंग्डन या गावी खोली घेऊन राहत होते. घरमालक निवृत्त शिक्षक. त्यांच्याकडे १९६७ सालची एमजीबी होती, पण ती सात वर्षं सुटी होऊन खोक्यांत पडलेली. इंजिन बसलं होतं, रंग झाला होता. अडलं होतं ते हीटरपाशी. ‘तुझे हात लहान आहेत,’ म्हणत त्यांनी मला मदतीला बोलावलं.

एमजीबी ही दोन आसनांची स्पोर्ट्स कार १९६२ ते १९८० या काळात याच गावात तयार झाली. बंद टपाची जीटी धरून पाच लाखांहून अधिक. इंग्रजी स्पोर्ट्स कारच्या जगात ऊब ही बराच काळ चैन मानली जाई. जाड कोट घालावा, मफलर गुंडाळावा आणि गाडी हाकावी. एमजीबीच्या आधीच्या एमजीएमध्ये हीटर हवा तर वेगळे पैसे मोजावे लागत, आणि एमजीबीतही सुरुवातीला तसंच होतं. पण या गाड्यांचं सर्वांत मोठं गिऱ्हाईक होतं अमेरिकेत, आणि तिथे १९६८च्या जानेवारीपासून नव्या मोटारींच्या समोरच्या काचेवरचं हिम आणि बाष्प हटवणारी यंत्रणा कायद्याने सक्तीची झाली. चैनीची वस्तू अशी सुरक्षेच्या नियमात जाऊन बसली.

यंत्रणा तशी साधी. इंजिनातलं गरम पाणी एका झडपेतून पत्र्याच्या पेटीतल्या छोट्या रेडिएटरमध्ये येतं, पंखा त्यावरून हवा ढकलतो, आणि ती हवा काचेकडे जावी की पायांकडे हे आतली एक पत्र्याची झडप ठरवते. डॅशबोर्डवर दोन नॉब. एक पाण्यासाठी, एक हवेसाठी. नॉबचं फिरणं केबलमधून झडपेपर्यंत पोचतं. अर्नेस्ट बाउडेन यांनी १८९६ साली पेटंट घेतलेली ही केबल आपल्या ओळखीची आहे. सायकलच्या ब्रेकला तीच असते. फरक एवढाच की ब्रेकची तार फक्त ओढते. हीटरची तार एकेरी आणि ताठ असते, कारण तिला ढकलायचंही असतं.

काढताना हे सगळं पंधरा मिनिटांत सुटतं. स्क्रू सैल केला की तार निसटते. बसवताना मात्र नॉब ‘बंद’वर, झडपही खरोखर बंद, आणि त्याच क्षणी स्क्रू आवळायचा. दोन-तीन मिलिमीटर चुकलं की झडप कधीच पुरती मिटत नाही, आणि उन्हाळाभर पाय भाजतात. तारेचं बाहेरचं कवच दोन्ही टोकांना घट्ट धरलेलं नसेल, तर झडपेऐवजी कवचच हलतं. तार कुठे मुडपली तर नॉब अडतो. हवेच्या नळ्या डॅशबोर्डच्या मागून पेटीत शिरतात, म्हणजे डॅशबोर्ड आधी बसवला की हात पोचणं मुश्कील. काढताना यातलं काहीच ठरवावं लागत नाही. म्हणून पुस्तिकेत ते नव्हतं. तीन संध्याकाळी आम्ही उलट क्रम इमानाने पाळला आणि तिन्ही वेळा डॅशबोर्ड पुन्हा उतरवला.

एमजीबी बाळगणाऱ्यांमध्ये एक जुना विनोद आहे: कारखान्यात आधी हीटर हवेत टांगायचे आणि मग त्याभोवती गाडी बांधायचे. त्यात एक खरी गोष्ट दडलेली आहे. ॲबिंग्डनचा कारखाना मूळचा चामड्याचा. एमजी तिथे १९२९ साली आली. तिथे सुटे भाग बनत नसत. बॉडी स्विंडनहून येई, हीटर स्मिथ्सचा, विजेचं सामान ल्यूकसचं. ॲबिंग्डनचं काम जुळणीचं. कोणती वस्तू कोणाच्या आधी, कोणता हात आत आणि कोणता बाहेर, हे तिथल्या कामगारांना ठाऊक होतं. दुरुस्तीची पुस्तिका मात्र विक्रेत्याकडच्या मेकॅनिकसाठी लिहिलेली. त्याच्यापुढे उभी असे ती आधीच जुळलेली गाडी.

सप्टेंबर १९७९मध्ये गावाने एमजीच्या तिथल्या पन्नास वर्षांचा सोहळा केला आणि लगेच ब्रिटिश लेलँडने कारखाना बंद करण्याचं जाहीर केलं. ऑक्टोबर १९८०मध्ये शेवटची एमजीबी बाहेर पडली. पुढे १९८८ साली ब्रिटिश मोटर हेरिटेजने मूळ डाय शोधून एमजीबीच्या बॉड्या पुन्हा काढायला सुरुवात केली, त्यामुळे गंजलेल्या गाडीला आज नवा पत्रा मिळतो. हीटर जोडणाऱ्याच्या हाताची सवय अशी कुठल्या गोदामात सापडणार नव्हती. ती माणसांबरोबर घरी गेली होती.

चौथ्या संध्याकाळी आम्ही पुस्तिका मिटली. केबल आणि नळ्या डॅशबोर्डच्या आधी लावल्या. घरमालक बॉनेटखाली झडपेपाशी, मी आत नॉबपाशी. ‘बंद?’ ‘बंद.’ स्क्रू आवळला गेला. एकट्याला जमणारं ते काम नव्हतंच, आणि पुस्तिका सगळा वेळ एकट्याशी बोलत होती.

तेव्हा मला आठवला सांगलीकडचा एक मिस्त्री. भावाच्या शेतावर पंप खोलून बसला होता, शेजारी मीच अनुवादलेली पुस्तिका, वंगणाने माखलेली. ती माझी आहे हे त्याला ठाऊक नव्हतं. ‘ताई,’ तो म्हणाला होता, ‘हे ज्यानं लिवलंय, त्यानं पंप कधी खोललेला नाही बघा.’ मी हसले होते. मनात म्हटलंही होतं की मूळ इंग्रजीतच तसं आहे.

परत आल्यावर पुस्तिकेचं एक काम पुन्हा माझ्याकडे आलं. या वेळी तो पंप मी त्या मिस्त्रीकडे नेला, त्याने जोडताना शेजारी बसले आणि लिहून घेतलं. ‘उलट क्रमाने’च्या जागी अकरा ओळी झाल्या. मुळात नसलेला मजकूर घातल्याबद्दल माझे पैसे कापले गेले. ओळी मात्र छापल्या गेल्या.