थ्रो हातानं नव्हे, कमरेनं! खांदा शाबूत ठेवून लांब फेक कशी करावी?

मुरगूड : सुगी उरकून रानं मोकळी झाली की वेदगंगा काठच्या गावागावांत टेनिस बॉलच्या स्पर्धा सुरू होतात. सहा महिने हात न हललेली पोरं थेट मैदानात उतरतात आणि बाउंड्रीवरनं पहिलाच थ्रो पूर्ण ताकदीनं मारतात. खांद्यात कळ निघते ती तिथंच. ही कळ मॅचपुरती राहत नाही. त्याच हातानं कोयता धरायचा असतो, मोळी उचलायची असते. पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीत पुरुषांना 7.260 किलोचा गोळा फेकावा लागतो आणि 50 पैकी 15 गुण त्यालाच असतात. खांदा गेला तर भरती हुकते.

ताकद येते कुठून?

तालमीतल्या पोरांना हे सांगावं लागत नाही. धोबीपछाड नुसत्या हातानं बसत नाही, कंबर आत घालावी लागते. थ्रोचंही तसंच आहे. जोर पायातून कमरेत, कमरेतून छातीत, मग खांदा, कोपर आणि शेवटी मनगटात येतो. पाय आणि कंबर न वापरता हातानंच फेकलं की सगळा भार खांद्याच्या आतल्या लहान स्नायूंवर पडतो.

थ्रोची योग्य पद्धत (उजव्या हाताच्या खेळाडूसाठी)

1. दोन बोटं चेंडूवर, अंगठा खाली. लेदर बॉल असेल तर शिवण आडवी धरावी, चेंडू सरळ जातो.
2. चेंडू उचलल्यावर एक छोटी उडी घेऊन अंग आडवं करावं. डावा खांदा व डावा हात किपरकडे, वजन उजव्या पायावर.
3. डावा पाय किपरच्या दिशेनं टाकावा. आधी कंबर फिरवावी, हात मागून यावा.
4. कोपर खांद्याच्या रेषेत किंवा थोडं वर ठेवावं. कोपर खाली पडलं की त्यावर जादा ताण येतो.
5. चेंडू सुटल्यावर हात मधेच थांबवू नये. तो डाव्या गुडघ्याकडे खाली जाऊ द्यावा.

लांबून चेंडू आभाळात उडवण्यापेक्षा सपाट फेकून एक टप्पा द्यावा किंवा मधे उभ्या गड्याकडे द्यावा. चेंडू लवकर पोचतो, खांदाही वाचतो.

दुखापत टाळण्यासाठी

- मॅचआधी पाच-दहा मिनिटं पळून अंग गरम करावं, हात गोल फिरवावेत. मग 10, 20, 30 मीटर असे हळूहळू थ्रो वाढवावेत.
- हंगामाच्या तीन-चार आठवडे आधी सराव सुरू करावा. दिवसाआड थ्रो करावेत.
- सायकलची जुनी ट्यूब खांबाला बांधावी. कोपर बरगडीला चिकटवून ट्यूब बाहेरच्या बाजूला ओढावी. 15 वेळा, दोन फेऱ्या. पायांसाठी बैठका आहेतच.
- कडक रानात उगीच डाईव्ह मारू नये. 23 मार्च 2021 रोजी पुण्याजवळ गहुंजे इथं इंग्लंडविरुद्ध चेंडू अडवताना श्रेयस अय्यरचा डावा खांदा निखळला. ऑपरेशन करावं लागलं आणि तो काही महिने मैदानाबाहेर राहिला. ते तर हिरवळीचं मैदान होतं.

लहान पोरांची जादा काळजी

वाढीच्या वयात कोपर व खांद्याच्या हाडांची टोकं वाढीला असतात, ती पक्की नसतात. जोराच्या थ्रोंचा सतत मारा झाला की तिथं इजा होते. नियमानुसार 13 वर्षांखालील मुलांचा लेदर बॉल 133 ते 144 ग्रॅमचा असतो, मोठ्या पुरुषांचा 156 ते 163 ग्रॅमचा. शाळकरी पोराला मोठ्यांच्या चेंडूनं बाउंड्रीवरनं थ्रो मारायला लावू नये. कोपराची आतली बाजू दुखत असेल तर थ्रो बंद.

दुखलं तर काय करावं?

पहिले दोन दिवस फडक्यात बर्फ गुंडाळून 15-20 मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा शेकावं. लगेच जोरात मालीश करू नये. खांदा निखळल्यासारखा वाटला तर मैदानात कुणालाही ओढू देऊ नये. आत हाड मोडलेलं असेल किंवा शीर दबलेली असेल तर नुकसान वाढतं. हात झोळीत बांधून एक्स-रे असलेल्या दवाखान्यात न्यावं. रात्री त्या कुशीवर झोपता येत नसेल, हात डोक्यावर जात नसेल किंवा आठवड्यात आराम पडत नसेल, तर हाडाच्या डॉक्टरांना दाखवावं. गोळी खाऊन पुढची मॅच खेळू नये.