परिधी आणि वर्तुळ : विदर्भातील शिलावर्तुळांच्या निमित्ताने

१

मृतांसाठी अवजड दगडांची रचना उभारण्याची प्रथा जगाच्या अनेक भागांत आढळते. पुरातत्त्वात तिला ‘बृहदाश्म’ किंवा ‘महापाषाण’ संस्कृती अशी संज्ञा आहे. ही संज्ञा सोयीची असली तरी ती फसवी आहे, कारण तिच्यामुळे परस्परांशी संबंध नसलेल्या गोष्टी एका नावाखाली येतात. पश्चिम युरोपातील अशी थडगी नवाश्मयुगीन शेतकऱ्यांनी बांधली. ब्रिटनीतील बार्नेनेझ येथील रचना इ. स. पू. पाचव्या सहस्रकातील, तर आयर्लंडमधील न्यूग्रेंज इ. स. पू. ३२००च्या सुमाराची आहे. या लोकांना धातू ठाऊक नव्हता. विदर्भातील शिलावर्तुळे मात्र इ. स. पू. पहिल्या सहस्रकातील असून ती रचणारे लोक लोखंड वितळवणारे, घोडे बाळगणारे होते. दोहोंमध्ये हजारो वर्षांचे आणि अर्ध्या जगाचे अंतर आहे. तरीही दोन्ही ठिकाणी माणसांनी जिवंतांच्या घरांपेक्षा मृतांच्या घरांना अधिक टिकाऊ केले. या साम्याचे काय करायचे, हा प्रस्तुत निबंधाचा विषय आहे. हा प्रश्न जितका पुरातत्त्वाचा आहे, तितकाच तुलनेच्या पद्धतीचा, म्हणून तौलनिक साहित्याच्या अभ्यासकाचाही आहे.

भारतातील या रचनांची चर्चा साहित्याच्या अंगणातच सुरू झाली, हे येथे नमूद करावयास हवे. मलबारमधील ‘पांडुकुळीं’चे बॅबिंग्टन यांनी केलेले वर्णन १८२३ मध्ये मुंबईच्या लिटररी सोसायटीच्या ग्रंथात प्रसिद्ध झाले. पुढे दख्खनमधील थडग्यांचे सर्वांत काळजीपूर्वक उत्खनन करणारे फिलिप मेडोज टेलर हे १८३९ मध्ये ठगांवरील कादंबरीने इंग्लंडभर गाजलेले लेखक होते. मराठ्यांच्या इतिहासावरील त्यांची ‘तारा’ १८६३ची. शोरापूर संस्थानाच्या परिसरात त्यांनी थडगी उघडली आणि थरांचे असे छेदचित्र काढले, की पुढे मॉर्टिमर व्हीलर यांनी त्याची प्रशंसा केली. पण खणताना इतकी शिस्त पाळणारे टेलर अर्थ लावताना मात्र केल्ट, ड्रुइड आणि शक यांच्याकडे वळले. आयर्लंड-इंग्लंडमधील दगड आणि दख्खनमधील दगड सारखे दिसतात, तेव्हा त्यांचे कर्तेही एका वंशाचे असले पाहिजेत, अशी ही विचारसरणी होती.

नागपूरजवळ काटोल मार्गावरील जुनापाणी येथील वर्तुळे रिव्हेट-कार्नॅक यांनी एकोणिसाव्या शतकात उघडली. तेथील दगडांवर कोरलेले वाटीसारखे लहान खळगे पाहून त्यांनाही स्कॉटलंड व नॉर्थम्बरलंडमधील खळगे आठवले. स्थानिक लोक मात्र या वर्तुळांना गवळ्यांच्या मुक्कामाच्या जागा मानीत. दक्षिणेत अशाच रचनांना पांडवांचे नाव मिळाले, जसे आपल्याकडे लेण्यांना ‘पांडवलेणी’ म्हटले गेले. इंग्रज अधिकाऱ्याचे ड्रुइड आणि गावकऱ्याचे गवळी वा पांडव यांत तात्त्विक फरक फारसा नाही. कर्ते विस्मृतीत गेले, की जवळ असलेल्या कथेतील पात्रे त्यांच्या जागी येऊन बसतात.

२

प्रत्यक्ष पुरावा काय सांगतो, हे आता पाहू. जुनापाणी येथे सुमारे ३०० वर्तुळे आहेत. १९६१ मध्ये बा. कृ. थापर यांनी तेथे उत्खनन केले. त्यानंतरच्या दोन दशकांत शां. भा. देव व त्यांच्या सहकाऱ्यांनी टाकळघाट-खापा (१९६८-६९), माहुरझरी (१९७०-७२) आणि नायकुंड (१९७७-८०) ही स्थळे उजेडात आणली. रायपूर-हिंगणा, भागीमोहारी इत्यादी स्थळांनी या चित्रात भर घातली.

रचनेचे तंत्र साधे, पण विचारपूर्वक आहे. दख्खनच्या काळ्या पाषाणाचे झिजून गोलसर झालेले धोंडे विदर्भातील टेकड्यांच्या पायथ्याशी विखुरलेले असतात. तेच धोंडे हलवून, शेजारी शेजारी बसवून वर्तुळ आखले जाई. वर्तुळाचा व्यास बहुधा १० ते २० मीटरांच्या दरम्यान असतो. आत जमीन सारखी करून किंवा उथळ खड्डा घेऊन मृताचे अवशेष व सोबतच्या वस्तू ठेवीत, त्यावर मातीचा भराव घालीत आणि शेवटी लहान दगडगोट्यांचा थर पसरीत. ब्रिटनीप्रमाणे प्रचंड शिळा उभ्या करून त्यांवर छत टाकण्याची येथे गरज नव्हती. जेथे फरशीसारखे सपाट दगड निघतात, त्या चंद्रपूर जिल्ह्यात हिरापूरसारख्या ठिकाणी मात्र छत असलेल्या रचना दिसतात. म्हणजे रूपातील भेद पुष्कळदा दगडाच्या जातीने ठरविला आहे, वंशाने नव्हे. याच न्यायाने उलट टोक पाहावयाचे, तर कोलकात्याच्या दक्षिणेस हुगळीकाठचे बजबज घ्यावे. तेथे पायाखाली केवळ नदीने आणलेला गाळ आहे. त्या भूमीत मृतांविषयीची धारणा कोणतीही असो, तिला दगडाचे वर्तुळ होता आले नसते. स्मारक नाही म्हणून स्मरण नव्हते, असा निष्कर्ष काढण्यापूर्वी भूस्तराचा विचार करणे आवश्यक आहे.

या वर्तुळांत अखंड सांगाडे क्वचितच मिळतात. बहुधा निवडक हाडे असतात, कधी एकाहून अधिक व्यक्तींची. यावरून मृत्यू आणि वर्तुळाची उभारणी यांच्यामध्ये काही काळ जात असावा, असे अनुमान निघते. अंत्यविधी एका दिवसात उरकणारा नव्हता; माणसे, धान्य आणि दगड जमेपर्यंत तो थांबून राहत असे. सोबतच्या वस्तूंत काळी-आणि-तांबडी मृत्पात्रे, इंद्रगोपाचे मणी, तांब्याची झाकणदार भांडी आणि मुख्यतः लोखंड आहे : खंजीर, भाले, छिन्न्या, आणि आडव्या लोखंडी पट्टीने दांड्याला जखडण्याची सोय असलेल्या, विदर्भाची खूण ठरलेल्या कुऱ्हाडी. माहुरझरीला घोड्यांचे अवशेष मिळाले, त्यांच्यासोबत लोखंडी लगाम आणि तांब्याच्या पत्र्याचे मस्तकाभरण.

हे लोक भटके पशुपालक होते, असे मत लॉरेन्स लेश्निक यांनी १९७४ मध्ये मांडले होते. गवळ्यांच्या लोककथेशी ते जुळणारे असल्याने आकर्षकही होते. पण टाकळघाट, नायकुंड आणि भागीमोहारी येथे वस्तीचे थर मिळाले, धान्याचे अवशेष मिळाले; नायकुंडला तर मातीच्या वक्र विटांची लोखंड वितळवण्याची भट्टीच सापडली. भट्टी चालविण्यास कच्चे लोखंड, कोळसा, भाता आणि एका जागी राहणारा जाणकार लागतो. जनावरे राखणारे लोक या समाजात होतेच. परंतु समाज केवळ त्यांचा नव्हता.

३

हे सारे कशासाठी, या प्रश्नाला आता हात घालता येईल. उत्तराची एक बाजू शेजारच्या काळाशी तुलना केल्यास दिसते. पुणे जिल्ह्यातील इनामगाव येथे १९६८ ते १९८३ या काळात झालेल्या उत्खननातून ताम्रपाषाणयुगीन शेतकऱ्यांची वस्ती उजेडात आली. तेथे मुलांना दोन रांजणांची तोंडे एकमेकांना लावून घराच्या जमिनीखाली पुरीत. प्रौढांनाही घरात वा अंगणात पुरीत, आणि पुष्कळदा त्यांचे पाय घोट्याखाली तोडलेले आढळतात. मृताने घर सोडून जाऊ नये, अशी त्यामागील भावना असावी, असा अर्थ अभ्यासकांनी लावला आहे. विदर्भात ही दिशा उलटते. येथे मृत घराबाहेर, शेताबाहेर, टेकडीच्या उतारावर जातो आणि त्याच्याभोवती दगडांची कड येते. इनामगावला मृत कुटुंबाचा आहे. जुनापाणीला तो अनेक कुटुंबांना दिसेल अशा जागी, सर्वांचा म्हणून ठेवला आहे.

जागेची निवडही बोलकी आहे. मुरमाड उतारावर पीक येत नाही. काळी जमीन त्याखाली, ओढ्याच्या बाजूस असते. पूर्वजांचे स्थान त्या जमिनीच्या माथ्यावर असणे हा एक प्रकारचा दस्तऐवजच होय. युरोपातील थडग्यांविषयी कॉलिन रेनफ्र्यू यांनी १९७०च्या दशकात असाच विचार मांडला होता : लेखन नसलेल्या समाजात थडगे हे भूमीवरील हक्काची खूण होते. तथापि हा हक्क कोणाचा, हे दगड सांगत नाहीत. २०२२ मध्ये इंग्लंडमधील हेझलटन नॉर्थ येथील ३५ व्यक्तींच्या प्राचीन जनुकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांतील २७ जण एका पुरुषापासून व चार स्त्रियांपासून निघालेल्या, पाच पिढ्यांच्या एकाच कुळातील ठरले. उरलेल्यांत मात्र रक्ताने न जोडलेले लोकही होते. थडगे कुळाचे असले, तरी कुळ केवळ रक्ताचे नव्हते.

दुसरी बाजू संपत्तीची आहे. नायकुंडच्या भट्टीतून निघणारे लोखंड श्रमाचे होते. त्याच्या वापरायोग्य कुऱ्हाडी मातीखाली ठेवणे म्हणजे गावाच्या वापरातून त्या कायमच्या काढून घेणे होय. असा त्याग जाहीर असतो, तेव्हा त्यातून प्रतिष्ठा निर्माण होते. अंगामी नागांमध्ये लाकडी घसरगाड्यावरून शिळा ओढून आणणे हे गावजेवण घालणाऱ्याचे कर्तृत्व मानले जाई. दगड किती मोठा, यापेक्षा तो ओढायला किती जण आले, याला मोल होते. बस्तरच्या माडिया गोंडांमध्ये मृतासाठी दगड उभा करण्याचे वर्णन ग्रिग्सन यांनी १९३८ मध्ये केले आहे. हे समाज म्हणजे विदर्भातील वर्तुळकर्त्यांचे वंशज, असे म्हणण्याचे कारण नाही. पण दगडामागे उभे राहणारे जेवण, देणे-घेणे आणि नाते त्यांच्यामुळे आपल्याला कल्पिता येते. वर्तुळांची संख्या आणि शतकांचा विस्तार यांचा मेळ घातला, तर प्रत्येक मृताच्या वाट्याला वर्तुळ येत नव्हते, हेही स्पष्ट आहे. ज्यांना दगड मिळाला नाही, त्यांचा इतिहास आपल्यापुढे नाही.

४

साहित्याच्या अभ्यासकाला येथे मोह होतो तो ग्रंथांचा. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील अंत्येष्टिसूक्तात जिवंतांसाठी ‘परिधी’ घालण्याची आणि मृत्यू पर्वताआड लपविण्याची कल्पना आहे. शतपथ ब्राह्मणाच्या तेराव्या कांडात देवांचे अनुयायी चौकोनी श्मशान करतात, तर आसुर वृत्तीचे आणि प्राच्य लोक गोल करतात, असा भेद सांगितला आहे. वर्तुळ, कड, दगड : सारे शब्द हाताशी आहेत. परंतु शतपथातील ‘प्राच्य’ म्हणजे पूर्वेकडील लोक. विदर्भ त्यात बसत नाही. आणि असे बसविण्याचा एक इशाराही उपलब्ध आहे. बिहारमधील लौरिया नंदनगढ येथील मातीचे टेकाड विसाव्या शतकाच्या आरंभी थिओडोर ब्लॉक यांनी उघडले आणि वैदिक अंत्यविधीच्या वर्णनांशी जुळवून ती दफनस्थाने ठरविली. १९३०च्या दशकातील ननीगोपाल मजुमदार यांच्या उत्खननानंतर ते स्तूप असल्याचे मत पुढे आले. ग्रंथाने डोळ्यांना आधी शिकविले आणि कुदळीला नंतर.

तमिळ साहित्याची गोष्ट थोडी वेगळी आहे. ‘मणिमेखलै’मध्ये मृतदेहाची व्यवस्था करण्याचे पाच प्रकार नोंदले आहेत : दहन, उघड्यावर ठेवणे, खड्ड्यात पुरणे, दगडी कक्षात ठेवणे आणि रांजणाने झाकणे. ‘पुरनानूरु’तील एका कवितेत पती गमावलेली स्त्री कुंभाराला आपणही मावू एवढा मोठा रांजण घडविण्यास सांगते. येथे ग्रंथ आणि भूमी एकाच प्रदेशातील, आणि काळानेही फार दूर नाहीत. म्हणून हा पुरावा ठरतो. ऋग्वेदातील परिधी विदर्भाच्या संदर्भात पुरावा ठरत नाही, तो उपमान ठरतो. पुरावा आणि उपमान यांतील हा भेद सांभाळला, तर उपमानाचाही उपयोग आहे. मृताला आदराने ठेवणे आणि त्याला अडवून ठेवणे या दोन्ही क्रिया एकाच रेषेने साधतात, हे सूक्त आपल्या ध्यानात आणून देते. वर्तुळाची कड मृताचे रक्षण करते की जिवंतांचे, हा प्रश्न दगडांकडे पाहून सुचत नाही. कवितेकडे पाहून सुचतो.

इ. स. पू. तिसऱ्या शतकाच्या सुमारास ही प्रथा विदर्भात ओसरत गेली. पवनीसारखी नगरे उदयास आली आणि वैनगंगेकाठी स्तूप उभे राहिले. स्तूपही मृताच्या धातूंभोवती रचलेले वर्तुळच आहे. दक्षिणेत बौद्धांनी जुन्या दफनभूमींच्या सान्निध्यात वस्ती केली, याकडे ग्रेगरी शोपेन यांनी अमरावतीच्या उदाहरणाने लक्ष वेधले आहे. विदर्भात एका वर्तुळातून दुसरे वर्तुळ जन्मले, असे त्यावरून सिद्ध होत नाही. पण नव्या धर्माला जी भूमी मिळाली, ती मृतांचे स्थान सार्वजनिक असावे ही सवय झालेली भूमी होती, एवढे नक्की म्हणता येते.

टेलर आणि रिव्हेट-कार्नॅक यांची चूक तुलना केली ही नव्हती; साम्य म्हणजे नाते, असे त्यांनी गृहीत धरले, ही होती. तौलनिक साहित्याच्या क्षेत्रातही ‘प्रभाव’ शोधण्याची जुनी ओढ हेच करीत आली आहे. दोन कृती सारख्या दिसल्या, की एकीला उगम आणि दुसरीला शाखा मानले जाते. जुनापाणी आणि बार्नेनेझ यांच्यात कोणतेही नाते नाही, म्हणूनच त्यांचे साम्य अधिक विचार करण्याजोगे आहे. शेती स्थिरावलेल्या, पण लेखन नसलेल्या दोन समाजांनी आठवण, हक्क आणि भीती यांना एकत्र ठेवण्यासाठी स्वतंत्रपणे दगड निवडला.

हा विचार पुढे नेण्यासाठी ती वर्तुळे जागेवर असणे आवश्यक आहे. नागपूर शहर त्यांच्याकडे सरकत आहे. रस्ता, खाण आणि भूखंड यांना धोंडा हा धोंडाच असतो. लेखी साधनात एक पान फाटले, तर उरलेल्या पानांवरून त्याची कल्पना करता येते. वर्तुळात मात्र दगडांच्या परस्पर जागा हाच मजकूर असतो, आणि उचललेला धोंडा संग्रहालयात नेऊन ठेवला तरी तो मजकूर वाचता येत नाही.